दोन बटणांचं मशीन

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. सुखरूप पोचले. खोली बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. आईला सांग, मी वाळले नाहीये, उलट बसून बसून फुगलेय.

प्रशिक्षणाचा बराचसा खर्च सरकार देतंय, त्यामुळे आपले मालक खुशीत आहेत. इथे शिकायला आलेले सगळे आपल्यासारखेच, छोट्या छापखान्यांत राबणारे. मास्तर शांतपणे शिकवतात. नाहीतर तू, काय खेकसायचास माझ्यावर!

काल कागद कापायचं नवं मशीन दाखवलं. त्याला दोन बटणं आहेत, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे पात्याखाली हात राहूच शकत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायला बाहेर गेले. हे आपल्याकडे आधी आलं असतं, तर तुझा उजवा हात आज जागेवर असता.

तू विचारायला सांगितलं होतंस, ते विचारलं. एका हाताने चालवता येईल असं मशीन मिळतं का?

मास्तर म्हणाले, "पूर्वी यायचं, एका बटणाचं. त्याच्यावर फार लोकांचे हात गेले, म्हणून बंद केलं."

आपलं तेच होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मालकांशी मी बोलेन. दुसरं काहीतरी काम असेलच. वहिनीला इतक्यात काही सांगू नकोस.

आणि उत्तर आईकडून लिहून घेऊ नकोस. डाव्या हाताने तूच लिही, वाकडंतिकडं का असेना. मला येईल वाचता.

तुझीच,
धाकटी