उघड्यावर झोपायची शिष्यवृत्ती

५ डिसेंबर

चि. भिंगरीस,
आजीचे उदंड आशीर्वाद.

पत्र सांगते मी, लिहिते तुझी आई. मला अक्षरओळख नाही आणि तिला तुझ्याशी बोलायचं नाही, तेव्हा दोघींची सोय झाली. तू ऑफिसातली खुर्ची सोडून गेलीस तेव्हापासून ती तुला नुसतं ‘ती’ म्हणते. पण तुझं पाकीट आलं की लाँड्रीतल्या कामावरून आल्या आल्या, चपलासुद्धा न काढता फोडते. हे वाक्य लिहायला तिने साफ नकार दिला होता. मी म्हटलं, बाई, तोंड माझं, तुझा नुसता हात. हाताने मध्ये बोलू नये.

शेजारचा शिंपी विचारत होता, पोरगी तिकडे शिकते तरी काय. मी सांगितलं, मुलांना डोंगरावर, नदीवर न्यायचं, तंबूत ठेवायचं आणि सगळी हाडं जागेवर ठेवून परत आणायचं, अशा मास्तरणीचं शिक्षण आहे. त्या कामात आपल्यासारख्या घरचं कुणी दिसतच नाही, म्हणून मुद्दाम आपल्यातली मुलं निवडून, शिष्यवृत्ती देऊन नेली आहेत. त्याने कात्री थांबवली आणि म्हणाला, म्हणजे उघड्यावर झोपायचे पैसे मिळतात? मी म्हटलं, बघा ना! आम्ही अर्धा जन्म उघड्यावर काढला, तेव्हा मेलं कुणी फिरकलं नाही. जरा उशिरा जन्मायला हवं होतं.

शिंपी अजून हसतोय. तुझी आई हसली नाही.

डोंगर कुठे पळून जात नाही, सावकाश चढ. लोभ आहेच, तो चार ओळी लिहून वाढव.

तुझी आजी
(हात आईचा)

२० डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. पत्र वाचून दाखवणाऱ्या बाईंनाही तेवढाच वाकून नमस्कार.

इथे मोबाइल कपाटात कुलूपबंद ठेवतात, म्हणून हा कागद. आम्ही शिष्यवृत्तीवाले सोडलो तर बाकी सगळे जणू पायात बूट घालूनच जन्मले आहेत. काल मला होडी वल्हवायला दिली. होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली आणि मी आत बसून, हे मी मुद्दाम करतेय, असा चेहरा ठेवला. मुख्य बाईंनी काठावरून विचारलं, कुठे निघालीस? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. त्या हसल्या, पण वहीत काहीतरी लिहिलंच.

आता कामाचं. आमची शेवटची परीक्षा कागदावर नसते. आपल्याच घरच्या, आपल्या गल्लीतल्या माणसांना एका मुक्कामाला बाहेर न्यायचं. शेकोटीपासून सकाळी परत आणेपर्यंत सगळं मी बघायचं, बाई नुसत्या मागे बसून पाहणार. मला सहायक शिक्षिका म्हणून ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरणार. गल्लीतले चौघे तयार आहेत. आजी, वाचून दाखवणाऱ्या बाईंना विचार ना, त्या येतील का? त्यांना काडी इकडची तिकडे करू देणार नाही. फक्त आमचे चुरगळलेले कपडे बघून त्यांना रडू येईल, तेवढं सोसावं लागेल.

तब्येत सांभाळ. माझ्यावरची माया दोघींनीही पातळ होऊ देऊ नये.

तुझी भिंगरी

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद विशेष.

‘त्या’ येणार नाहीत. हे त्यांनीच लिहिलंय, बघ कसं वळणदार.

कारण मी सांगते. (लिही गं, थांबू नकोस.) मी विटा वाहत होते त्या बांधकामावरच तुझी आई जन्मली, ताडपत्रीखाली. इमारत उभी राहिली की आम्ही ताडपत्री उचलायची आणि पुढच्या इमारतीपाशी बांधायची. शाळेत कुणी विचारलं, घर कुठलं, की ही अर्धवट चढलेल्या मजल्यांकडे बोट दाखवायची. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, माझ्या लेकराच्या डोक्यावर पक्कं छप्पर असेल. लाँड्रीतल्या वाफेत उभं राहून तिने ते केलं. आणि लेकरू निघालं ताडपत्रीखाली झोपायला, तेही नाचत! आता तिचं काय चुकलं? तुझं तरी काय चुकलं? मला दोन्हीकडे काही सापडेना, म्हणून मीच येते.

इथे शाईचा डाग पडलाय. पेन मी आपटलेलं नाही.

माझ्याबरोबर माझे गुडघेही येताहेत. ते रात्रभर कुरकुरतात, त्यांना वेगळा तंबू दे. आजीवर जीव असू दे.

तुझी आजी

१९ जानेवारी

चि. लेकीस,
आईचे आशीर्वाद.

आज तोंड माझं, हात भिंगरीचा. हिला तुझ्यासारखं पेन आपटता येत नाही, नाक मात्र छान ओढते. अक्षर पसरलेलं दिसलं तर समजून घे.

मुक्काम झाला. अंधार पडता पडता वारा असा सुटला की आमची ताडपत्री एका बाजूने सुटून फडाफडा उडायला लागली. पोरगी दचकली. तिने मागे बसलेल्या बाईंकडे एकदा पाहिलं, मग त्यांच्याकडे बघायचं सोडूनच दिलं. आधी आम्हा सगळ्यांना खडकाच्या आडोशाला नेलं, गरम पाणी प्यायला दिलं आणि मग ताडपत्रीकडे वळली. बांधून झाल्यावर एकेकाजवळ बसून विचारत होती, थंडी वाजते का, भीती वाटते का. अगं, एवढी वर्षं उघड्यावर काढली, हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, वाजते थोडी. तिने स्वतःची शाल दिली. थंडी वाजत नव्हती गं, पण एवढं विचारलं म्हणून वाजवून घेतली.

सकाळी बाईंनी तिला कामावर ठेवून घेतलं. पण ही शहाणी म्हणते, आईचं पत्र आल्याशिवाय हो म्हणणार नाही. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. आणि पत्र तुझं हवं, माझं तुझ्या अक्षरातलं नको. तर बाई, या खेपेला हातही तुझा आणि तोंडही तुझं.

मी आठवडाभर राहते. इथल्या आचाऱ्याला माझं बोलणं आवडतं. तुम्हाला कधी कदर नव्हती.

तुझी आई

२५ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

बरेच कागद फाडून झाले. सांगणारं कुणी शेजारी नसलं की लिहायला फार जड जातं.

हो म्हणून टाक.

रागावले नव्हते असं लिहिणार नाही, रागावलेच होते. भीती दिसू नये म्हणून राग पुढे केला, एवढंच.

काल लाँड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता मला एकदम हसू फुटलं. समोरचं टोक धरलेली सोबतीण विचारत राहिली, काय झालं, काय झालं. तिला नाही सांगितलं, तुला सांगते. बांधकामावर रेतीचे ढीग असायचे. माणसं जेवायला बसली की मी सगळ्यात उंच ढिगावर चढायची आणि बसल्या बसल्या घसरत खाली यायची. मुकादम ओरडायचा, रेती पसरते म्हणून. मी परत चढायची. त्या दिवसांतलं वाईट तेवढंच जपून ठेवलं होतं मी. हे कुठे दडून बसलं होतं कोण जाणे.

पुढच्या मुक्कामाला माझं नाव घाल. आजीला आता पाठवून दे, घर फार गप्प झालंय. शिंपीसुद्धा तक्रार करतोय.

माया आहे ती आहेच. लिहून दाखवायची सवय नव्हती, होईल.

तुझी आई

ता. क. तुमच्याकडे घसरायला जागा आहे का? असली तर जुने कपडे घालून येते.