आज फोन चालू ठेवलाय

ठमे,

छान डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. मी कीर्तनाला जातेय. सकाळी म्हणालीस ना, "आई, तू सारखं 'काही होतंय का' विचारतेस, त्यालाच भिऊन बाळ आत दडून बसलंय!" बरं बाई, घटकाभर तुम्हा मायलेकरांना निवांत सोडते.

जेवण झाकून ठेवलंय, चार घास खाऊन घे. दवाखान्याची पिशवी दाराशी आहे, दुपटी वरच ठेवलीत. ती तू उचलायची नाहीस. जावईबापू आज दुकान लवकर बंद करून येतायत.

उद्या भरती होऊन औषधाने कळा सुरू करायच्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हापासून तू सारखी न्हाणीघरात जातेस. नळ सोडून रडलं तरी आईला ऐकू येतं गं. तारीख उलटली म्हणे! तारीख आपण काढली, बाळाला कुणी विचारलं होतं? त्याची वेळ देवाला ठाऊक आहे.

कीर्तनात फोन वाजला की आमचे बुवा भर आख्यानात डोळे वटारतात. आज मात्र स्वतःच म्हणाले, "माई, फोन चालू ठेवा. लेकीचा आला तर आख्यान राहू दे, मी गाडी काढतो." म्हणून झांजा दुसरीच्या हाती देऊन मी दाराजवळ बसणार आहे.

कळा नसल्या, नुसती भीती वाटली, तरी फोन कर. मध्येच उठावं लागेल, असं देवाला सांगून ठेवलंय.

– आई