नॅन डाव्या सीटवर

हेरियट,
२२ ऑगस्ट १९८८

प्रिय नॅन हिस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण आपल्या सामायिक लाइनवर शेजारच्या मिसेस टुली कान लावून बसलेल्या असतात आणि ही बातमी त्यांनी गावभर करावी अशी माझी इच्छा नाही. मी गाडीच्या परीक्षेत नापास झाले.

चालवली छान होती ग! चढावर थांबवली, नीट मागे घेतली. परत येताना रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. मी शहाण्यासारखी थांबले. तेवढ्यात एक मेंढी कुंपणाच्या फटीतून सटकायला लागली, तिच्यामागे आणखी चार. मग माझं डोकं चाललंच नाही, पाय चालले. दार उघडून धावले, हात पसरून फट अडवली आणि सगळा कळप फाटकातून आत घातला. कळपाचा मालक खूश झाला. परीक्षा घेणारे साहेब मात्र चालू गाडीत एकटेच बसले होते. त्यांना असं रस्त्यात सोडून आजवर कुणी गेलं नव्हतं म्हणे. हँडब्रेक लावला होता, हे मी त्यांना तीनदा सांगितलं.

बाबा म्हणाले, मेंढ्यांच्या परीक्षेत तरी पहिली आलीस. आई कोकराला बाटली पाजत होती, ती हसता हसता दूध सांडून बसली. आता महिन्याने पुन्हा परीक्षा, तोवर शिकाऊ पाटी गाडीवर तशीच.

नापास नातीवरची माया कमी करू नकोस.
तुझी,
ब्रायर

टापानुई,
२५ ऑगस्ट १९८८

चि. ब्रायर हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की चहा गार झाला. अडतीस साली हवालदाराने मला एक चक्कर मारायला लावली, स्वतःच्या दारात उतरला आणि तिथेच लायसन्स लिहून दिलं. आता आधी शिकाऊ, मग अर्धं, मग पक्कं! लग्नाला इतके सोपस्कार नव्हते आमच्या वेळी.

पण पोरी, तुझ्या नापास होण्याने माझी पंचाईत केली. दहा सप्टेंबरला रॉक्सबरोला माझी बहीण मिर्टल ऐंशी वर्षांची होतेय. ख्रिसमसपासून आम्ही भेटलो नाही. ऐन कोकरांच्या दिवसांत तुझ्या आईबापांना हलता येत नाही, ते मी मागणारही नाही. तू पास झालीस की तुलाच गळ घालायची, असं मनात ठरवलं होतं.

मी स्वतः का जात नाही, तेही सांगते. उजवा पाय ब्रेकवर वेळेत जात नाही. डॉक्टर यंदा दाखला देणार नाहीत. वीस सप्टेंबरला लायसन्स संपतं. त्यांचं बरोबर आहे, म्हणून मी आधीच चालवणं सोडलं. किल्ली खुंटीवर टांगली तेव्हा रडू आलं, खोटं कशाला बोलू? तुझ्या बापाला इतक्यात कळू देऊ नकोस.

म्हातारीवर लोभ ठेव.
तुझी,
नॅन

हेरियट,
२९ ऑगस्ट १९८८

प्रिय नॅन हिस,
कृ. सा. न. वि. वि.

नियमांचं पुस्तक काढून वाचलं. अग, मी पास झाले असते तरी तुला एकटीने नेता आलंच नसतं! अर्ध्या लायसन्सवर मी एकटी हिंडू शकते, पण कुणाला बसवायचं तर शेजारी दोन वर्षांहून जुनं पक्कं लायसन्सवालं माणूस हवं. शिकाऊला तर ते हवंच. तुझं लायसन्स पन्नास वर्षांचं आहे आणि वीस तारखेपर्यंत चालतं. म्हणजे दहा तारखेला तू माझी प्रवासी नाहीस, माझी मास्तरीण आहेस. डोळे आणि जीभ तर धडधाकट आहेत तुझी.

बाबांना सांगावं लागलं, रागावू नकोस. ते बराच वेळ बूटच पुसत बसले. मग म्हणाले, तिच्यासमोर गिअर खरखरवू नकोस, मला अजून ऐकवते. आई मला सकाळी आठला तुझ्या दारात सोडेल.

माया असू दे, आणि वाटेत ओरडणं कमी असू दे.
तुझी,
ब्रायर

टापानुई,
१२ सप्टेंबर १९८८

चि. ब्रायर हिस,
अ. उ. आ.

नसलेला ब्रेक दाबून दाबून माझा पाय अजून दुखतोय. तू मला गप्प बस म्हणालीस, तेही दोनदा. पण बाळ, तू मला मिर्टलच्या फाटकाशी उतरवलंस आणि ती अॅप्रन काढायचं विसरून धावत आली, ते मी जन्मभर विसरणार नाही. केक कापेपर्यंत आम्ही एकमेकींचा हात सोडला नाही.

वीस तारखेला मी स्वतः जाऊन लायसन्स परत देणार. माझी निळी मॉरिस गाडी तुझी, पास झालीस की घेऊन जा. मात्र मीही ते पुस्तक वाचलंय. माझं लायसन्स गेलं की मी नुसती प्रवासी, आणि पक्कं लायसन्स मिळेपर्यंत अठरा महिने तू मला एकटीने बसवू शकत नाहीस. तुझा बाप सवडीने नेईल, पण तो अर्ध्या तासात घड्याळ बघायला लागतो. आम्हाला तूच हवीस.

म्हणून मिर्टलला बजावून आले की अठरा महिने दोघींपैकी कुणीही मरायचं नाही. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, म्हणजे मार्चअखेर, तेव्हा बागेतली सफरचंदं उतरवायची असतात. पोरीला घाई करू नको म्हणावं, मी मरायला आठवडाभर जास्त थांबेन.

आहे तो लोभ दोघी म्हाताऱ्यांत वाटून दे.
तुझी,
नॅन