टायर आहे, बूट नाही

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (लिहिते आहे, घालणार आहे असा अर्थ घेऊ नये, माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तुम्ही डॉक्टरच बदललेत असं कळलं. नव्या डॉक्टरांची प्रकृती बरी असेल अशी आशा करते. भावोजींचा खोकला थांबला की तुम्ही थांबवलात? इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी. तुमच्या धाकट्या भावाबद्दल खाली सविस्तर लिहिते. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी बोलायचं म्हणजे तुम्ही बोलता, आणि शिवाय हे इथेच सोफ्यावर बसलेले असतात.

विषय आहे गाडीचा. तीच ती, पिवळी, दोन सीटची, जिच्यात बसायला आधी वाकावं लागतं, मग पडावं लागतं आणि उतरायला कोणाला तरी हाक मारावी लागते. पुढच्या रविवारी सकाळी ही गाडी पहिल्यांदा रेसच्या ट्रॅकवर उतरणार आहे. कंपनी नव्या मालकांना अशी एक सकाळ देते. रस्ता मोकळा, समोरून कोणी येत नाही, हवी तेवढी पळवा म्हणतात. गाडी एक, चालक एक. तो एक कोण, यावरून आमच्या घरात चार दिवस जी शांतता पसरली आहे ती तुम्ही कधी ऐकली नसेल, कारण तुम्ही असलात की ती नसते.

मुळात साबणाच्या कारखान्यात बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी असलेल्या माणसाला स्पोर्ट्स कार का हवी, हे मी विचारलं नाही. ज्यांनी जन्मभर ‘सावकाश चला’ आणि ‘ओल्या फरशीवर धावू नका’ अशा पाट्या लावल्या, घरातसुद्धा स्टुलावर एकाने चढायचं तर दोघांनी स्टूल धरायचं असा नियम केला (आम्ही आहोत दोघंच, त्यामुळे स्वयंपाकघरातला दिवा गेले वर्षभर बंद आहे), त्यांना पन्नाशीत वेगाची ओढ लागली. लागली तर लागो. पण गाडी घरी आल्यापासून दोन महिन्यांत ती चालली एकसष्ट किलोमीटर. दर रविवारी सकाळी हे इमारतीभोवती चार फेऱ्या मारत, ताशी तीसच्या वेगाने, स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळून की सोडलं तर ते उडून जाईल. मागून सायकलवाले घंटा वाजवत. मग गाडी तळघरात आणायची, तासभर पुसायची, वर सुती कव्हर, त्यावर पावसाचं कव्हर, त्यावर आपली जुनी चादर. तळघरात पाऊस पडत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. पाइप फुटू शकतो, म्हणाले.

आता अडचण अशी की नवं इंजिन आधी दीड हजार किलोमीटर सबुरीने चालवून मोकळं करावं लागतं, त्याशिवाय ट्रॅकवर घेतच नाहीत. हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. ह्यांनी पुस्तिका पुसून कपाटात ठेवली होती. ट्रॅकचं बोलावणं आलं तेव्हा त्याआधीच्या तपासणीला उरले तीन आठवडे. ह्यांना कारखाना; शिवाय हमरस्त्यावर ट्रक असतात. म्हणून गाडी माझ्याकडे आली, आणि तिच्यासोबत नियमांची दोन पानं. इंजिनचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या वर नेऊ नयेत. गाडी झाडाखाली उभी करू नये (पक्षी). झाड नसेल तिथेही उभी करू नये (ऊन). आत बसताना चपला काढाव्यात. माझं काम तुम्हाला माहीतच आहे, मी प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, आणि हल्ली त्या दवाखान्यांत पोचवायलाही मीच जाते. तर वीस दिवस गावोगावच्या कवळ्या त्या पिवळ्या गाडीतून गेल्या. एका दवाखान्यात खुर्चीतल्या आजोबांनी खिडकीतून गाडी पाहिली आणि जो आ वासला तो कवळी बसवून होईपर्यंत मिटला नाही. डॉक्टर म्हणाले, इतकं सोपं काम कधी झालं नव्हतं, रोज याच गाडीने येत जा.

मला गाडीची अजिबात आवड नाही, हे इथेच स्पष्ट करते. फक्त वळणाच्या आधी ब्रेक आटोपून मग स्टिअरिंग वळवलं की गाडी रस्त्याला कशी चिकटून बसते, आणि वळण सुटता सुटता पाय दिला की सीट पाठीला कशी भिडते, एवढं कामापुरतं लक्षात आलं. जवळचे सात दवाखाने संपल्यावर डोंगरापलीकडचे अकरा मी घेतले ते केवळ किलोमीटर भरावेत म्हणून. (त्यांतल्या एका ठिकाणी मी कवळी न्यायलाच विसरले. तिथवरचा रस्ता मात्र सुरेख आहे.)

असे दीड हजार भरले, आणि गेल्या बुधवारी गाडी तपासणीला वर्कशॉपमध्ये न्यायची होती. मिस्त्रींनी सही केली तरच ट्रॅक. ह्यांनी रजा काढली, माझ्याकडून गाडी वर्कशॉपच्या आवारात आणवली, आणि मिस्त्री यायच्या आत दोन तास खपून तिची ‘तयारी’ केली. काचा झाल्या, दिवे झाले, धूर निघतो त्या नळीचं तोंड रुमालाने टिपून झालं. मग टायर. टायर काळे चकचकीत करायचं एक पॉलिश मिळतं, ते टायरच्या बाजूला लावतात. ह्यांनी ते रस्त्याला टेकतो त्या भागालाही लावलं, कारण मागे उभं राहिलं की तोही दिसतो. तीन थर. खाचांमधून माझा कवळ्या घासायचा ब्रश फिरवला.

मिस्त्री आले. साठीचे असतील, बोलणं मोजकं, आणि गाडीकडे असं बघतात जसं तुम्ही आमच्या फ्रिजमध्ये बघता. पहिला नियम, गाडीत सुटी वस्तू नको. त्यांनी सीटखाली हात घातला आणि एक वरच्या दातांची कवळी बाहेर काढली. “ही कोणाची?” सगळं वर्कशॉप थांबलं. ह्यांनी आधी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवून खात्री केली आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं.

दुसरी परीक्षा ब्रेकची. आवारात एक फेरी घ्यायची आणि शिट्टी वाजली की ब्रेक दाबायचा. शिट्टी वाजली. ह्यांनी दाबला, मनापासून दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. त्या गुळगुळीत सिमेंटवरून ती अगदी सरळ, अगदी शांतपणे, एखाद्या पाहुणीने बैठकीत यावं तशी सरकत गेली आणि जुन्या टायरांच्या ढिगात नाक खुपसून बसली. खरचटलं नाही कोणालाच. मिस्त्रींनी खाली वाकून टायरवर बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, “साहेब, हा टायर आहे, बूट नाही.”

मग चारही टायर साबणाने दोनदा धुतले. (साबण ह्यांच्याच कारखान्याचा. फेस बरा होतो.) पुन्हा परीक्षा द्यायची तर ह्यांचे हात ओले होते. तसं ते म्हणाले. माझे कोरडे होते. मी एक फेरी घेतली, शिट्टी वाजली, गाडी थांबली. एवढंच झालं. पण मिस्त्रींनी विचारलं, हे दीड हजार कोणी चालवले? मी म्हटलं, कवळ्यांनी. त्यांनी कागदावर सही केली आणि सगळ्यांदेखत ह्यांना म्हणाले, “रविवारी बाईंना पाठवा. तुम्ही डबा घेऊन या.”

तेव्हापासून हे हेल्मेट घालून बसतात. सवय व्हावी म्हणून, म्हणे. कारखान्यातून आले की हेल्मेट, चहा नळीने. मी हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही असं सांगायला काच वर करतात. एक्केचाळीस सूचनांची यादी केली आहे. पहिली सूचना ‘घाबरू नये’. एक्केचाळिसावीही तीच. जेवण निम्म्यावर आलं आहे. मी एकदाच म्हटलं, भीती वाटत असेल तर जाऊ नका. म्हणाले, भीती नव्हे, दक्षता. आणि आता वर्कशॉपभर झाल्यावर माघार कशी घ्यायची?

मला काय, कोणीही चालवो. काळजी वाटते ती ह्यांची. भावोजींना नमस्कार.

तुमची (पत्रापुरती तरी) आज्ञाधारक,
भावजय

ता. क. ट्रॅकच्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं आहे की मालकाला घरच्या कारणाने येता आलं नाही, तर घरातल्या दुसऱ्या कोणालाही गाडी चालवता येते. वन्सं, तुमच्याइतकं घरचं कारण दुसरं कुठलं? रविवारी सकाळी सातला या. काही करायचं नाही, नुसतं सोफ्यावर बसायचं आणि बोलायला लागायचं. गेल्या खेपेला तुम्ही बसलात तेव्हा हे दुपारपर्यंत आंघोळीलासुद्धा उठले नव्हते. मात्र घ्यायला ये असं ह्यांना सांगू नका. ताशी तीसने तुम्ही सोमवारी पोचाल.

ता. क. दुसरा. वर ‘आवड नाही’ असं लिहिलं आहे ते खोडायचं राहिलं. मी माझ्या मापाचं हेल्मेट आणलं आहे.

(वेगळ्या अक्षरात)

ताई, हे पत्र पेटीत टाकायला हिने माझ्याकडे दिलं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं, म्हणून तपासणं भाग पडलं. टायरला थर तीन नव्हते, दोनच होते. बाकीचं तू मनावर घेऊ नकोस, पण ये. रविवारी नको, शनिवारीच ये, मुक्कामाला. मी सांगितलं हे हिला कळू देऊ नकोस. रविवारी सकाळी मी दोनदा जायचा हट्ट धरीन. ऐकू नकोस.