पिणार हे, उपास माझा

तीर्थरूप आईस, लोणावळ्याहून सगुणाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हितं समदं बरं हाय. पत्र आपल्या गेणूकडूनच वाचून घे, गुरुजींकडं नेऊ नगं, गावभर व्हईल.

ह्यांची दारू सोडवायला तू सांगितलंस तशी फिरले. कुरवंड्याचा भगत म्हनला, बायकोनं दर सोमवारी कडक उपास धरावा. तळेगावचे वैद्य म्हनले, बायकोनं अळणी खावं. काय एकेक शहाणे! पिणारा मजेत, अन् पथ्य माझ्या माथी. काल हे झोकांड्या खात आले अन् मलाच दरडावलं, "तुझा उपास मोडला असंल, म्हनून माझी सुटंना!"

खंडाळ्याचे डॉक्टर मातर म्हनले, "यांना महिनाभर इथं ठेवा. बायकोनं भेटायलाही यायचं नाही." जल्मात पयल्यांदा कुनी अकलेचं बोललं. बायको न्हाई म्हनताच हेबी लगेच तयार झाले. येत्या सोमवारी सकाळीच पोचवते.

तुझे गुडघे कसे हायेत? माझ्या चोळ्या सैल झाल्यात, त्या टीप मारून आत घेतल्या, बाकी काळजी करू नगं.

हे सुधारतील का, देव जाणे. मी मातर सोमवारी पोटभर जेवणार हाय.

तुझी लेक,
सगुणा