न जाळलेला ट्रेलर

लॉकरे, गॅलवे
१२ फेब्रुवारी २०१६

प्रिय नोनीस,

थोरल्या विनीचे आशीर्वाद. तू बरी असशील, मेरी आणि तिची पोरं खुशाल असतील. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. माझे गुडघे सोडले तर कुणाची तक्रार नाही.

मी सांगतेय आणि शँटेल लिहितेय. शँटेल म्हणजे माझ्या नातवाची, मायलीची बायको. नाव ऐकून अत्तराची बाटली वाटते, पण पोर कामाची आहे. (हे वाक्य तिने खुशीने लिहिलं. पुढचं लिहिते का बघू. स्वयंपाक मात्र देवाच्या भरवशावर.)

पंचेचाळीस वर्षं झाली तुला मँचेस्टरला जाऊन. एवढ्या वर्षांत आपण भेटलो ते मयतीलाच. तू काळा कोट घालून यायचीस, मी काळी शाल घेऊन, की झाली भेट. आता मयतीशिवाय पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. बातमी चांगली आहे. मायली म्हणाला, "नोनीआजीला कळवायलाच हवं," म्हणून कळवतेय.

मायलीने जुना ट्रेलर आणलाय, आपल्या वेळचं चाकांवरचं घर. बासष्ट सालचा. किनव्हाराकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडून होता, वीस वर्षं कोंबड्या राहत होत्या त्यात. कोंबड्यांनी भाडं दिलं की नाही माहीत नाही, खत मात्र भरपूर ठेवून गेल्या. आता रोज कामावरून आला की तो त्याच्या मागे लागतो. कोपऱ्यांचं लाकूड कुजलं होतं ते कापून नवं बसवलं. पत्रे उतरवले, ठोकून सरळ केले. नक्षीच्या काचा मात्र सगळ्या शाबूत निघाल्या. धुतल्यावर ऊन पडलं की अंगणात रंग सांडतात.

त्याची तीन पोरं सिमेंटच्या घरात जन्मली. धाकट्याला विचारलं, "फिरस्ते म्हणजे कोण रे?" तर म्हणाला, "टीव्हीवर असतात ते." मायलीला ते लागलं. या उन्हाळ्यात पोरांना घेऊन सॉल्टहिलच्या समुद्रावर जायचं, मग मरियेच्या सणाला बॅलीबनियनला, आणि वाटेत रस्त्याच्या कडेला मुक्काम करायचा, आपण करायचो तसा, असं त्याने ठरवलंय.

माझा क्रिस्टी गेला (देव त्याला शांती देवो) तेव्हा माणूस मेला तो ट्रेलर जाळायचा या आपल्या रीतीप्रमाणे आम्ही त्याचा ट्रेलर जाळला, कपबशा फोडल्या, आणि कौन्सिलने मला हे घर दिलं. भिंती हलत नाहीत याची मला अजून सवय झालेली नाही. तर हा ट्रेलर आला तेव्हा साइटवर, आमच्या फिरस्त्यांच्या वस्तीवर, सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: "आत कुणी मेलं नाही ना?" शेतकरी म्हणाला, एक कोंबडी सोडली तर नाही. सगळे हसले. मीपण हसले.

मी अंगणात खुर्ची टाकून बघत बसते. मायली म्हणतो, "आजी, आत येऊन बघ की."

"पायरी उंच आहे."

"पायरी मीच केलीय. सहा इंच आहे."

"मग माझे गुडघे पाच इंचांचे आहेत."

त्याला एवढंच सांगितलं की कोळशाची शेगडी बसवू नकोस, विजेचा हीटर घे. तर म्हणतो, "तूच सांगायचीस ना, शेगडीशिवाय ट्रेलर म्हणजे बिस्किटांचा डबा?" माझ्याच तोंडचे शब्द मला परत देतो. आजोबांवर गेलाय.

आणखी काही सांगायचं होतं, पण शँटेलचा हात दुखतोय म्हणे. राहू दे.

लोभ आहे तसा राहू दे.

थोरली विनी


लॉकरे
३ मे २०१६

नोने,

हे पत्र एकटीच वाच. मेरी घरात असेल तर तिला दुकानात पाठव. तिथल्या मठातल्या सिस्टरांनी तुला म्हातारपणी वाचायला शिकवलं तेव्हा मी हसले होते, म्हटलं आता काय बिशप होणार आहेस का. आज बरं वाटतंय की दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला हे ऐकावं लागणार नाही.

या वेळी शँटेल लिहीत नाहीये. गेराटीबाई लिहितेय. गावचीच आहे, फिरस्ती नाही. जिल्ह्याची नर्स होती, आता घरी असते. आमच्या अर्ध्या साइटची बाळंतपणं तिने केली आणि एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही. तिचा चहा पचला की माणसाला काहीही पचतं.

तुझं पत्र पोचलं. शँटेलने सगळ्यांसमोर वाचलं. तू लिहिलंस, जूनमध्ये येते, मलाही न्या, एक रात्र त्या ट्रेलरमध्ये झोपते म्हणजे मी मरायला मोकळी. सोबत स्वतः विणलेले पडदे पाठवलेस. मायलीने ते त्याच दिवशी लावले. मी खुर्चीवर बसले होते. खिडकीत तुझे पडदे हलले आणि मी खुर्ची वळवून पाठ केली. शँटेल म्हणाली, आजी, ऊन लागतं का तुला? म्हटलं, हो, डोळ्यांवर येतं.

नोने, तो माझा ट्रेलर आहे. तोच.

दाराच्या उजव्या बाजूला खाली क्रिस्टीने टिनचं ठिगळ मारलं होतं, तीन कोनांचं. मायलीने ट्रेलर ओढत आणला त्या दिवशीच मी ते ओळखलं. दुसरा कुणी एवढं वाकडं ठिगळ मारत नाही.

एकाहत्तरच्या जानेवारीत आम्ही तुला सांगितलं की जाळला. जाळला नाही. क्रिस्टीने खाणीमागे गाद्या जाळल्या, जुनी गाडी जाळली, ट्रेलरचं दार उपटून त्यावर टाकलं. धूर तळावरच्या सगळ्यांना दिसला. ट्रेलर त्याने पहाटेच उत्तरेकडच्या एका माणसाला नेऊन दिला होता आणि बदल्यात लहान आणला होता. बाहेर बर्फ होतं, माझी पाच पोरं होती, पोलीस तिथून उठा म्हणत होते. जाळला असता तर ताडपत्रीखाली गेलो असतो. रीत पाळणारे लोक ताडपत्रीखाली गेलेच असते, आपल्या आईने तीनदा केलं तसं. मी नाही केलं. तुझ्या पोराने, सायमीने, माझ्या ट्रेलरमध्ये जीव सोडला आणि त्याच्यासाठी मी माझं छप्पर दिलं नाही.

इथवर कबूल करून थांबायचं असं मी ठरवलं होतं. गेराटीबाईला म्हटलं, बास, बंद कर. तिने पेन खाली ठेवलं नाही. नवा कागद ओढला. नर्स लोकांची ही सवय वाईट.

तर पुढचं ऐक.

तुझं पत्र यायच्या आठवडाभर आधी मायली शेगडीच्या वरची प्लायवूडची फळी काढत होता. फळीमागे हवेची जाळी आहे, कोळशाचा वायू बाहेर जाण्यासाठी. ती बंद होती. त्याने पक्कड घालून आतून चिंधी ओढून काढली. लाल लोकरीची बाही होती, कोपरापर्यंत. मला दाखवली आणि म्हणाला, "बघ आजी, कुणा गाढवाने काय करून ठेवलंय. अख्खं घर मेलं असतं." आणि फेकली कुत्र्यापुढे.

क्रिस्टीच्या जुन्या स्वेटरची बाही. मी कापली होती, मीच कोंबली होती.

तू बाळंतपणाला दवाखान्यात होतीस. तुझा पॅट्सी इंग्लंडात खोदकामावर होता. सायमी माझ्याकडे होता, झोपायच्या वरच्या फळीवर, जाळीच्या बाजूला. संध्याकाळपासून वारा सुटला होता आणि त्या जाळीतून सरळ पोराच्या अंगावर यायचा. मला वाटलं, लोकाचं पोर आहे, त्याला गारठ्यात ठेवलं असं कुणी म्हणू नये. म्हणून बाही कोंबली आणि शेगडीत कोळसा वाढवला. शहाणपणा केला. सकाळी उठले तर डोकं फुटत होतं, माझी पोरं ओकत होती. खिडकी फुटकी होती त्या बाजूला ती झोपली होती, म्हणून वाचली. दार उघडलं. सायमीचे गाल गुलाबी होते. बायका म्हणाल्या, बघा, झोपल्यासारखाच दिसतो. गेराटीबाई आत्ता सांगतेय, कोळशाच्या वायूने तसंच होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं, नोने. शब्द माहीत नव्हता एवढंच. डॉक्टरने दारातूनच डोकावून न्यूमोनिया लिहिलं. आमच्या दारात शिरून बूट कोण घाण करतो? मी म्हटलं, बरं.

आणि तू तीन दिवसांच्या मेरीला घेऊन आलीस आणि म्हणालीस, मीच त्याला ओल्या हवेत बाजारात नेलं होतं, त्याच्या छातीत थंडी भरली. मी ऐकून घेतलं. पॅट्सीच्या मयतीलाही माझा हात धरून तेच म्हणालीस. मी म्हटलं, "देवाची मर्जी, नोने." देवाच्या नावावर खपवलं. त्याने तक्रार केली नाही, त्याला सवय आहे.

तू इंग्लंडला गेलीस तेव्हा मला रडू आलं असं सगळे सांगतात. रडलेच मी. पण सुटल्यासारखंही वाटलं होतं.

मायलीला परवा सांगितलं. तो चाकाला रंग देत होता.  माझं बोलून झालं तेव्हा त्याने ब्रश पुसला, डब्याला झाकण लावलं, हातोडीने चारी बाजूंनी ठोकून बसवलं. मग विचारलं, "नोनीआजीला माहीत आहे?"

"नाही."

"कशातलं काहीच?"

"काहीच नाही. तू गुपचूप जाळून टाक. तिला सांगू, चोरीला गेला."

हो, तेही म्हणाले मी. सांगायचं तर सगळंच सांगते.

माझ्याकडे बघून तो म्हणाला, "एकदा खोटं जाळलंत, आता खरं जाळून खोटं बोलायचं? पोरगा तिचा होता, आजी. काय करायचं ते ती सांगेल. तू तिला कळव. तू कळवलं नाहीस तर मी मँचेस्टरला जातो."

"आणि पोरांना काय सांगणार?"

"चाक मोडलंय म्हणून सांगितलंय."

तेव्हापासून तो बोलत नाही. ताट आणून ठेवतो, "आजी, जेव" म्हणतो, जातो. चार महिन्यांचं त्याचं काम अंगणात उभं आहे. पोरं त्याच्याभोवती फिरून सारखी विचारतात, कधी निघायचं. धाकटा काल चाकाखाली शिरून मोड शोधत होता.

आता तू सांगशील तसं. जाळायचा असेल तर दिवस सांग. मायली ओढून बॉगवर, त्या दलदलीच्या माळावर, नेईल. मी सगळ्या साइटला बोलावीन आणि काडी लागायच्या आधी त्यांच्यासमोर सगळं बोलेन, बाहीसकट. तुला यायचं असेल तर ये. माझं तोंड बघायचं नसेल तर मी घरात थांबेन, दुसरं कुणी बोलेल. आणि जाळायचा नसेल, असाच उभा राहू दे म्हणालीस, तर तसाच राहील आणि मी रोज खिडकीतून बघेन.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

एक मात्र आजच्या आज ध्यानात धर. बाजारात नेल्याने तो गेला नाही. तू त्याला दोन शाली गुंडाळून नेलं होतंस, मी पाहिलं होतं. माझ्याकडे सोडलास तेव्हा तो ढेकर देऊन स्वतःच हसत होता. त्याची छाती माझ्या छातीपेक्षा साफ होती. तुझ्या डोक्यावर आहे ते ओझं माझं आहे. मी ते तुझ्याकडे ठेवून आले होते. ते माझ्याकडे परत पाठव.

गेराटीबाई विचारतेय, खाली "तुझी बहीण" लिहू का. नको म्हटलं. ते तू ठरव.

विनी