मेंढ्यांसाठी थांबणारा रस्ता

अंबड, २० जुलै २०२५

तीर्थरूप आबांस,
सत्यशीलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. वस्तीपुढचा रस्ता रुंद झाला. पुढं बंगल्यांपाशी गतिरोधक, दिवे, फुटपाथ सगळं केलं. आमच्यापुढं नुसतं गुळगुळीत डांबर. शाळा अन् नळ पलीकडं. परवा शेजारच्या शालूला मोटारसायकलनं उडवलं, पाय मोडला. आम्ही बाया रस्त्याच्या हापिसात गेल्तो, तर साहेब म्हणाले, बायांनी बघून चालावं. प्रांजली शाळेत पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. सासऱ्यांच्या मेंढ्या निघाल्या की मात्र ट्रकसुद्धा थांबतात! आईला नमस्कार.

तुमची लेक,
सत्यशीला

तीर्थपुरी, २६ जुलै

चि. सत्यशीलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी आई लगेच पिशवी भरून निघाल्ती, मीच थांबवली. मेंढ्यांसाठी थांबतात ना? मंग पोरं-बाया मेंढ्यांसंगंच न्या की. व्याह्यांना रामराम सांग, अन् म्हणावं कळप सावकाश हाका. शालूसाठी आई तूप पाठवून राह्यली. त्यातलं तू खाऊ नको. नातीला जपा.

तुझा,
आबा

अंबड, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऐकून सासरे इतके हसले की चहा सांडला. दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. मधे पोरं, हंडेवाल्या बाया, भवती मेंढ्या. गाड्यांची रांग पार बंगल्यांपर्यंत. एकदा तिच्यात साहेबांचीच गाडी अडकली. ते ओरडले, जल्दी हटवा. मी म्हटलं, साहेब, पलीकडून एकदा बघा तरी. बिचारे उतरून आमच्यासंगं आले. तेवढ्यात मेंढ्या निघून गेल्या, अन् साहेबांना परत यायला कुणी थांबेना! बराच वेळ उभे होते. आम्ही तोंडाला पदर लावला. सासरे मात्र मोकळे हसले.

आता गतिरोधक झाला, पांढरे पट्टेही मारले. दिवे न्हाईत, त्यासाठी आम्ही बाया सोमवारी पुन्हा जाणार.

काल शालू काठी टेकत एकटीच निघाली. वाळूचा ट्रक थांबला. मला वाटलं, आता ही घाबरून पळंल. तर बाई रस्त्याच्या मधोमध थांबली, पदर सारखा केला, अन् बिलकुल घाई न करता पलीकडं गेली.

दिवाळीला दोघंही या. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सत्यशीला